अकरा नंबरची लाइन

आमच्या स्टुडिओत अकरा नंबरच्या माइक लाइनबद्दल एक अलिखित नियम होता. तिच्यावर कंडेन्सर माइक लावायचा नाही, लावला की चरचर होते. का होते ते बघायला कुणालाच सवड नव्हती. डायनॅमिक माइक लावला की ती निमूट चालायची, मग कशाला उकरून काढा? मी असिस्टंट म्हणून लागले तेव्हा मला हे सांगितलं गेलं आणि पुढे नव्या मुलांना मी सांगू लागले. तेही जाणकाराच्या थाटात.

त्या दिवशी ट्रम्पेट होता. कोपऱ्यातल्या वॉलबॉक्सच्या बाकी लाइन आधीच भरलेल्या, उरली होती अकरा. सरांनी कपाटातून रिबन माइक काढून दिला. जुना आणि चांगलाच जड. तो पेटीतसुद्धा उभाच ठेवायचा, आडवा ठेवला तर आतली पट्टी स्वतःच्याच वजनाने ओघळते. चुंबकाच्या दोन टोकांच्या मधल्या फटीत ॲल्युमिनियमची चुण्या पाडलेली ही पट्टी ताणून बसवलेली असते, जाडी जेमतेम दोन-तीन मायक्रॉन. रिबनला कंडेन्सरसारखं फँटम, म्हणजे केबलमधूनच माइकला जाणारं व्होल्टेज, लागत नाही, तेव्हा अकरा चालेल, असा माझा हिशोब.

चालली नाही. घरघर येत होती. रिबनचा सिग्नल इतका बारीक, की प्रीॲम्पवर, म्हणजे माइकचा सिग्नल मोठा करणाऱ्या यंत्रावर, 60 डेसिबल गेन द्यावा लागतो, म्हणजे व्होल्टेज हजारपट. डायनॅमिकवर जी घरघर कधी कुणाच्या कानावर आली नव्हती ती आता भुंग्यासारखी गुणगुणत होती. वादक हेडफोन लावून बसलेले, काचेपलीकडून माझ्याकडे बघतायत. टेकला दहा मिनिटं.

मला वाटलं, अकराव्या प्रीॲम्पचंच काहीतरी बिनसलंय. तीन नंबरचा मोकळा होता, सकाळी त्यावर ड्रम्सच्या ओव्हरहेडचा कंडेन्सर होता. पॅचबे म्हणजे जॅकच्या दोन ओळींचं पॅनल, वर माइक लाइन आणि खाली प्रीॲम्पचे इनपुट. तिथली जोडणी बदलायला पॅचकॉर्ड घेतली. एक टोक खालच्या ओळीत, तीनच्या इनपुटमध्ये. दुसरं वरच्या ओळीत, अकराव्या लाइनवर. घरघर तशीच. कॉन्टॅक्ट नीट बसला नसेल म्हणून काढून परत घातली. मग जरा फिरवून परत. अशी तीनदा. दर वेळी फेडर खाली आणि हेडफोनचा सेंड बंद, शिकवल्याप्रमाणे. त्यामुळेच जे ‘ठप्प’ ऐकू यायला हवं होतं ते एकदाही ऐकू आलं नाही.

चौथ्यांदा हात पुढे केला तेव्हा तीनवरचा लाल दिवा दिसला. 48 व्होल्ट. सकाळपासून चालूच.

बटण दाबून बंद केलं आणि मनाची समजूत घातली, की रिबनला फँटमने काही होत नाही. हे खोटं नाहीच. फँटम माइक केबलच्या पिन दोन आणि पिन तीन, दोन्हींवर सारखंच जातं, प्रत्येकी 6.8 किलोओहमच्या रेझिस्टरमधून, आणि परत येतं पिन एकच्या शील्डवरून, म्हणजे तारांभोवतीच्या आवरणावरून. दोन्ही तारांवर सारखंच व्होल्टेज असलं की माइकच्या ट्रान्सफॉर्मरमधून करंट वाहायचं कारणच उरत नाही. केबल धड असेल तर रिबनला त्याचा पत्ताही लागत नाही.

सरांनी वादकांना दोन ओळी वाजवायला सांगितल्या. घरघर होतीच, पण तिच्यामागचा ट्रम्पेट शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. लेव्हलही पडलेली.

“अगं, माइकवर पांघरूण घातलंयस का?” सर म्हणाले.

मी सगळं सांगून टाकलं. लपवायचा विचार आला नाही असं म्हणणार नाही, पण कोंदलेला आवाज लपवून लपवणार कुठे? सर काही बोलले नाहीत. ट्रम्पेटपुढे डायनॅमिक लावला, सेशन पुढे गेलं, आणि खरं सांगायचं तर वादकांना त्या आवाजाबद्दल काहीच तक्रार नव्हती. माझंच लक्ष दिवसभर टेबलावरच्या त्या माइककडे.

संध्याकाळी सरांनी टॉर्च धरून जाळीतून बघायला लावलं. “फुंकर मारू नकोस हं.” पट्टीच्या वरच्या चुण्या जवळजवळ सपाट झाल्या होत्या. मधला भाग एका बाजूला ओघळून चुंबकाच्या कडेला टेकला होता.

मग त्यांनी जुन्या पॅच शीटच्या पाठीवर पॅचकॉर्डच्या प्लगचं चित्र काढलं. टोक, रिंग, स्लीव्ह. XLR, म्हणजे माइक केबलचा तीन पिनांचा कनेक्टर, जोडताना पिन एक आधी लागते आणि दोन-तीन जवळजवळ बरोबरीने. जॅकमध्ये तसं होत नाही, प्लग घासत आत सरकतो. टोक आधी ग्राउंडच्या कड्याला लागतं, मग रिंगच्या पट्टीला, आणि तेव्हा कुठे स्वतःच्या जागी बसतं. टोक रिंगच्या पट्टीवर असतं तेवढ्या वेळात माइकच्या एका तारेवर 48 व्होल्ट आणि दुसरी तार नॉर्मलमधून, म्हणजे पॅचबेच्या आतल्या नेहमीच्या जोडणीतून, अजून जुन्याच प्रीॲम्पला चिकटलेली, जिथे फँटम बंद. दोन तारांवरचं सारखेपण गेलं. करंट मग ट्रान्सफॉर्मरमधून वाहतो. मिलिअँपिअरमध्येच, पण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे पट्टीत तो वेढ्यांच्या प्रमाणात वाढून उतरतो. शिवाय प्रीॲम्पच्या कपॅसिटरमधला साठा एका दमात रिकामा होतो तो वेगळाच. चुंबकाच्या फटीतल्या पट्टीतून करंट गेला की ती ढकलली जाणारच. त्या क्षणापुरता माइकचा स्पीकर होतो.

“घालताना एकदा आणि काढताना एकदा,” सर म्हणाले. “तू तीन वेळा घातलीस. मोज.”

प्लगचा तरी काय दोष म्हणा. तो टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेला, फोन जोडणाऱ्या ऑपरेटरला त्या सरकण्यातल्या शॉर्टशी काय देणंघेणं? 48 चा आकडाही असाच भलतीकडून आलाय. 1966 मध्ये नॉर्वेच्या रेडिओसाठी नॉयमनने फँटमवर चालणारे माइक बनवले, आणि तिथे आणीबाणीच्या दिव्यांसाठी 48 व्होल्टचा पुरवठा आधीपासून होता. सर अशा गोष्टी रंगवून सांगतात. त्या दिवशी एका वाक्यात संपवली.

पुढच्या सुट्टीत आम्ही दोघांनी माइक लाइन पॅचबेमधून सोडवल्या. सोळाच्या सोळा. त्यांच्यासाठी XLR चं वेगळं पॅनल केलं, प्रत्येक लाइन आखूड केबलने आपापल्या प्रीॲम्पला. पॅचबेवर आता फक्त लाइन लेव्हल, म्हणजे प्रीॲम्पने मोठा केलेला सिग्नल. प्रीॲम्पच्या पुढचं काय हवं ते तिथे पॅच करा. दिसायला जरा गबाळं आहे आणि अधूनमधून कुणीतरी कुरकुरतं, पण कॉम्प्रेसरच्या आउटपुटमध्ये चुकून फँटम सोडायची सोयही त्यामुळे गेली. पॅनलवर केबल बदलायची तरी फँटम बंद, अर्धा मिनिट थांबायचं, मग हात लावायचा. दिवा विझला म्हणून कपॅसिटर लगेच रिकामा होत नाही. मी आकडे मोजते, मनातल्या मनात. वादक बघत असले तर काहीतरी लिहिल्याचं नाटक करते.

अकरा नंबरची तार सोडवताना सरांनी वॉलबॉक्सही उघडायला सांगितला. आत पिन एकवरचा टाका काळपट, वरून गोल, खालून सुटलेला. शील्ड नुसतं टेकलेलं. फँटम परत येतं ते त्याच पिनवरून, म्हणून कंडेन्सर चरचरायचा. शील्ड धड नाही, म्हणून रिबनवर घरघर. म्हणजे अकराव्या प्रीॲम्पला कधी काही झालंच नव्हतं.

जुनं सोल्डर काढून मी नवा टाका घातला. जेमतेम दोन मिनिटं लागली.

माइक नवी पट्टी बसवून सहा आठवड्यांनी परत आला. मी तो अकरावरच लावला, गेन 60 पर्यंत नेला आणि हेडफोन चढवले. खोलीतल्या एसीची झुळूक तेवढी ऐकू येत होती.