मुलगी इलेक्ट्रिशियन का झाली?

सोलापूरला फोन लावला की मावशीपासून जुन्या शेजाऱ्यांपर्यंत सगळे विचारतात, "चांगले मार्क असताना पोरीला इलेक्ट्रिशियन का होऊ दिलंत? कॅनडात गेलात ते यासाठी?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आधी एक स्पष्ट करते, तिचं शिक्षण सुटलेलं नाही. आम्ही कॅलगरीत राहतो. इथे, म्हणजे अल्बर्टा प्रांतात, हे काम शिकायला चार वर्षं लागतात. वर्षाचा बहुतेक काळ अनुभवी कारागिराच्या हाताखाली प्रत्यक्ष कामावर जातो आणि दोन-तीन महिने वर्गात. पगार पहिल्या दिवसापासून मिळतो. सुरुवातीला पूर्ण कारागिराच्या निम्मा, मग दरवर्षी वाढत जातो. शेवटी रेड सीलची परीक्षा. तिचा शिक्का देशभर मानला जातो. डॉक्टरला मात्र प्रांत बदलला की परवान्याची खटपट करावी लागते.

शाळेत तिला त्रिकोणमितीचा कंटाळा यायचा. आता अडथळ्यावरून वायरचा पाइप न्यायचा, तर तो दोनदा वाकवावा लागतो. तीस अंशांत वाकवायचा असेल तर अडथळ्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर दोन खुणा करायच्या. ही दुप्पट कुठून आली? साइन तीस म्हणजे अर्धा, म्हणून. पंचेचाळीस अंशांना साधारण १.४. खूण चुकली तर पाइप वाया जातो. हे गणित ती जेवताना मला समजावून सांगते. शाळेने तिला ते असं कधी दाखवलंच नव्हतं, याची मला चुटपुट आहे.

कारण इथेही शाळेत "अभ्यास जमत नाही ना, मग हातकाम" असा सूर असायचा. ओंटारिओ प्रांतात तर नववीतच मुलांची पुस्तकी आणि व्यावहारिक अशी वाटणी होई, आणि गरीब व कृष्णवर्णीय मुलं दुसऱ्या गटात जास्त ढकलली जात. ती वाटणी २०२२मध्ये बंद झाली. २०२४पासून तिथे नववीत येणाऱ्या प्रत्येकाला, पुढे डॉक्टर व्हायचं असलं तरी, नववी-दहावीत तंत्रशिक्षणाचा एक विषय घ्यावाच लागतो. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. हुशार समजली जाणारी मुलंही त्याच वर्गात हत्यारं हाताळायला लागली, की तो वर्ग मागे पडलेल्यांचा राहत नाही.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. बांधकामावरच्या कारागिरांत बायका अजून शंभरात पाचच्या आसपास. बऱ्याच साइटवर माझी मुलगी एकटीच मुलगी असते, हातमोजेसुद्धा तिच्या मापाचे मिळत नाहीत. त्याची मला काळजी वाटते. तिच्या मार्कांची, पगाराची किंवा लग्नाची नाही.

आणि आता मीच विचारते. तुमच्या नातवाला दहावीला नव्वद टक्के पडले आणि तो म्हणाला मला आयटीआयला जायचंय, तर तुम्ही जाऊ द्याल का?