फॉर्म वीस आणि अण्णांची वही

निवडणूक हरली की पक्ष कार्यालयातलं काम संपतं, असा बाहेर समज आहे. खरं तर ते तेव्हा सुरू होतं. मंडपवाला, गाडीवाले, जेवणाचा ठेकेदार दारात उभे असतात. उमेदवाराच्या खर्चाचा हिशेब निकालापासून तीस दिवसांत जमा करायचा असतो आणि ज्यांच्या सह्या हव्यात त्यांचे फोन बंद असतात. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात मी आमच्या पक्षाचा कार्यालय चिटणीस आहे. भाषण करणाऱ्यांतला मी नाही. मतदार याद्या, बूथ कमिट्या, पोलिंग एजंटांचे फॉर्म, सभांच्या परवानग्या हे माझं काम. निकालानंतर फॉर्म वीस आणून त्याचा तक्ता करायचा, हेही माझंच.

फॉर्म वीस म्हणजे अंतिम निकालपत्रक. प्रत्येक मतदान केंद्राची एक ओळ, त्यात प्रत्येक उमेदवाराला मिळालेली मतं, 'नोटा' म्हणजे कुणालाच न दिलेली मतं, आणि बेरीज. मतपत्रिका होत्या तेव्हा वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती, त्यामुळे गावाचा कल झाकला जायचा. मशीन आलं आणि गाव उघडं पडलं. नेत्यांना ते सोयीचं वाटतं, कारण कुठल्या गावाचा रस्ता अडवायचा ते या कागदावरून कळतं. या कागदाचा याहून वाईट उपयोग नाही.

चांगला उपयोग करायचा तर मांडी घालून बसावं लागतं. आधीच्या निवडणुकीचं पत्रक शेजारी घ्यायचं. केंद्रांचे क्रमांक जुळवायचे, कारण याद्यांचे भाग फुटतात, केंद्रं हलतात आणि क्रमांक तोच असला तरी गाव तेच असेल असं नाही. मग लीडचा फरक काढायचा. आमचे लोक इथंच थांबतात: "अमुक गाव मायनस गेलं." पण मायनस जाण्याचे तीन प्रकार आहेत. आपली माणसं मतदानालाच आली नाहीत, म्हणून एकूण मतदान घटलं. किंवा मतदान तेवढंच राहिलं आणि आपलं मत तिकडं सरकलं. किंवा आपलं मत जागेवर राहिलं, मतदान वाढलं आणि वाढीव सगळं समोर पडलं. तिन्हींना औषध वेगळं. पहिल्यात गाड्या आणि माणसं कमी पडलेली असतात, दुसऱ्यात विश्वास गेलेला असतो, तिसऱ्यात समोरच्यानं काहीतरी नवं उभं केलेलं असतं आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

२०२४ साली आमच्या वाट्याला दोन्ही टोकं आली. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला. राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला, १७ महायुतीला. आमच्या कार्यालयासमोर गुलालाचा खच पडला. २३ नोव्हेंबरला विधानसभेत महायुतीनं २८८ पैकी २३० जागा घेतल्या. आघाडीतले तिन्ही मोठे पक्ष मिळून पन्नाशीपर्यंत पोचले नाहीत. विरोधी पक्षनेतेपदासाठी प्रथेप्रमाणे लागणारे २९ आमदार तिघांपैकी एकाकडेही नव्हते. आमचा पक्ष त्या तिघांतला एक.

जानेवारीत जिल्ह्याची चिंतन बैठक झाली. बराच वेळ मशीनवर गेला. मशीनबद्दल शंका असणं गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के मशीन तपासून घेण्याचा मार्ग दिला, त्यासाठी निकालानंतर सात दिवसांत अर्ज करावा लागतो. आमच्या उमेदवारानं अर्ज केला नव्हता. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष एजंटाला सतरा-सी फॉर्मची सही केलेली प्रत देतो, त्यात मशीनमध्ये किती मतं पडली ते लिहिलेलं असतं. शंका घ्यायची तर हातात पहिला कागद तो. तालुक्यातल्या निम्म्याहून जास्त एजंटांनी तो आणलाच नव्हता, कित्येक जण तर चारच्या सुमाराला जेवायला म्हणून गेले ते परतलेच नाहीत. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा पुढच्या रांगेतून आवाज आला, "आता जुनं उगाळू नका." मग चिंतन कशाचं करायचं असतं?

जेवणानंतर धीर देणारी भाषणं झाली. एकानं सांगितलं, भाजप १९८४ मध्ये दोन खासदारांवर आला होता, १९८९ मध्ये ८५ झाला. दुसऱ्यानं इंदिरा गांधींचा दाखला दिला. १९७७ मध्ये स्वतः रायबरेलीत पडल्या, जानेवारी १९८० मध्ये ३५३ जागा घेऊन परत आल्या. टाळ्या पडल्या. आकडे दोन्ही बरोबर आहेत, पण मधला काळ कुणी सांगत नाही. मार्च १९७७ मध्ये हरलेल्या इंदिराबाई त्याच ऑगस्टमध्ये बिहारमधल्या बेलछीला गेल्या. दलित हत्याकांड झालेलं गाव, पावसाळ्याचे दिवस, धड रस्ता नाही, शेवटचं अंतर हत्तीवरून. सत्ता नव्हती, चौकशा मागे लागलेल्या, तरी दुःख होतं तिथं त्या पोचल्या. जनता पक्षाच्या भांडणांनी पुढचं काम सोपं केलं हे खरं, पण भांडणं होईपर्यंत त्या घरात बसून राहिल्या नव्हत्या.

इतक्या लांबचा दाखला शोधायचीही गरज नव्हती. आमच्या समोरचे लोक ४ जूनला हरले आणि २८ जूनच्या अर्थसंकल्पात त्यांनी लाडकी बहीण योजना जाहीर केली, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. चोवीस दिवस. मी त्या सरकारचा विरोधक आहे आणि तिजोरी अशी रिकामी करणं मला पटत नाही. तरी सांगतो, हरल्यावर काय करायचं ते त्यांना त्या चोवीस दिवसांत कळलं होतं आणि आम्ही जिंकलेले असून सत्कार घेत होतो.

मुंबईहून निरीक्षक आले होते, एक माजी आमदार. त्यांचा कार्यक्रम ठरलेला: विश्रामगृहावर तालुकावार भेटी आणि अहवाल. मी हट्ट धरला की निदान एका बूथवर चला. तक्त्यातलं एक गाव मी वेगळं काढून ठेवलं होतं. लोकसभेला तिथं आम्हाला घसघशीत लीड होतं, विधानसभेला सपशेल मायनस. प्रकार तिसरा: आमचं मत थोडं घटलेलं, पण मतदान चांगलंच वाढलेलं आणि वाढ सगळी तिकडं. ते मत आलं कुठून, हे मला हवं होतं.

गावातला नेमलेला बूथप्रमुख आम्हाला भेटलाच नाही. तो तालुक्याला राहतो, गावात येतो तो जत्रेला. त्याला २०२३ मध्ये नेमलं कारण तो तालुकाध्यक्षांचा मेहुणा. त्याच्या आधी वर्षानुवर्षं जे बूथ सांभाळत होते त्या अण्णांच्या ओट्यावर आम्ही जाऊन बसलो. अण्णांनी चहा सांगितला, निरीक्षकांची चौकशी केली आणि मी म्हटल्यावर आत जाऊन वही आणली.

ती वही मी याआधी पाहिली नव्हती. लांबट रजिस्टर, पुठ्ठ्याच्या पाठीला कापडी पट्टी. निवडणूक आयोगाच्या यादीत नावं घर क्रमांकानं येतात आणि ते क्रमांक खेड्यात कुणालाच ठाऊक नसतात. अण्णांची वही गल्लीनं जाते. मारुतीच्या देवळापासून उजवीकडं पहिलं घर, दुसरं घर, मग वस्ती, मग तांडा. प्रत्येक घरात माणसं किती, लग्न होऊन गेलेली मुलगी, वारलेलं माणूस, अठरा पूर्ण झालेलं पोर, चाकणला कंपनीत असलेला मुलगा आणि त्याचा फोन. तांड्याच्या पानांवर तर ऊसतोडीला जाणारी प्रत्येक कोयता-जोडी म्हणजे नवरा-बायको, ती कुठल्या कारखान्यावर जाते आणि मुकादम कोण. मी आयुष्यभर याद्या हाताळतो आहे. इतकी जिवंत यादी मी जिल्ह्यात कुठं बघितली नाही, आणि आमच्या पक्षाच्या महागड्या अ‍ॅपमध्ये यातलं एक टक्काही नाही.

तांड्याचं उत्तर त्या वहीतच होतं. लोकसभेचं मतदान उन्हाळ्यात झालं, तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या घरी होत्या. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला, तोवर टोळ्या उसाच्या फडात गेलेल्या. समोरच्यांनी मुकादमांना गाठून टेम्पो पाठवले आणि माणसं आणून मतदान करून परत नेऊन सोडली. मुकादमांचे सगळे नंबर अण्णांकडं होते. अण्णांना कुणी विचारलं नव्हतं.

वहीत काही नावांपुढं हिरव्या शाईची खूण होती, सगळी बायकांची नावं. मी विचारलं, हे काय?

"लाडक्या बहिणीचे पैसे अडकलेल्या," अण्णा म्हणाले. "खातं या बँकेत, आधार जोडलेलं दुसऱ्याच बँकेत. पैसे जातात आधार जोडलेल्या खात्यात. ते खातं कधीकाळी कुणीतरी उघडून दिलेलं, बाईला याद बी नाही. एकेकीला घेऊन गेलो बँकेत."

"पक्षातर्फे?"

"पक्षातर्फे कसं? जुलैत मी तालुक्याला फोन केलता. म्हटलं, शाळेपुढं टेबल टाकतो, बायकांचे फॉर्म भरून देतो, एक मोबाइलवालं पोरगं द्या. तर मला म्हणले, सरकारच्या योजनेची जाहिरात आपण कशाला करायची? मग समोरच्यांनी टाकलं टेबल. दोन पोरं दिवसभर नारीशक्ती दूत अ‍ॅपवर फॉर्म भरत बसली. पावती बाईच्या हातात, वर पुढाऱ्याचा फोटो."

निरीक्षक गप्प होते. मला मात्र तक्त्यातली ती वाढ डोळ्यांपुढं दिसायला लागली. हे गाव आम्ही नोव्हेंबरात हरलोच नव्हतो, जुलैत हरलो होतो. नोव्हेंबरात नुसती मोजणी झाली.

तोवर ओट्याभोवती गल्लीतल्या सात-आठ बायका जमल्या होत्या. निरीक्षकांनी विचारलं, आम्ही तर महालक्ष्मी योजनेत महिना तीन हजार देणार होतो, ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही का? एक साठीच्या आसपासची बाई म्हणाली, "पोचलं की. पर पंधराशेप्रमाणं पाच हप्ते आमच्या खात्यात पडलेत साहेब. तुमचे तीन हजार कुणी बघितलेत?"

"पण सोयाबीनला भाव नाही, त्याचं काय?"

"नाहीच. हमीभाव म्हणं चार हजार आठशे ब्याण्णव, आन् आमी चार हजारानं घातलं. आदल्या साली बी भाव नव्हता, त्याचाच राग धरून उन्हाळ्यात तुमाला मत दिलं. खासदार आला निवडून. कवा आला का गावात? सोयाबीनचं बोलला का कुठं? तुमी आज हरल्यावर आलाव."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. हिशेब होता, अगदी सरळ. भावाचा राग आमच्या खात्यावर जमा होता आणि जून ते नोव्हेंबर आम्ही त्याचं काहीच केलं नाही. राग कायम आपल्याच नावावर राहतो असं आमच्या वरच्या लोकांना वाटतं. तो राहत नाही. आमचे लोक सांगतात की बायका पंधराशेला विकल्या गेल्या. हे वाक्य मी जिल्ह्याच्या बैठकीत व्यासपीठावरून ऐकलंय आणि मला त्याची मनापासून चीड आहे. जी बाई मला हमीभाव पैशासकट सांगते, ती विकली गेलेली नाही. तिनं दोन पक्षांची कामं शेजारी ठेवून पाहिली.

परतीच्या वाटेवर निरीक्षकांनी गाडीतच स्वीय सहायकाला अहवाल सांगितला. पैशाचा वापर, यंत्रणेचा गैरवापर, अंतर्गत गद्दारी, मशीनबद्दल संशय. ते वाईट गृहस्थ नाहीत. ओट्यावर त्यांनी सगळं नीट ऐकलं होतं. पण वर काय चालतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, आणि या चारही कारणांत एक सोय आहे: त्यातल्या कुठल्याही कारणासाठी कुणाला पद सोडावं लागत नाही. मेहुण्याचं नाव लिहिलं की तालुकाध्यक्ष दुखावतो, तालुकाध्यक्ष दुखावला की वरचे दुखावतात.

माझं टिपण मी वेगळं पाठवलं. रिकाम्या जागांवर बीएलए, म्हणजे मतदार यादीच्या कामाचे पक्षाचे बूथ प्रतिनिधी, नेमा, आणि ते त्याच यादी भागातले मतदार असू द्या, तालुक्याला राहणारे नकोत. बीएलएला दिवसाला दहा फॉर्म बीएलओकडं, म्हणजे यादी सांभाळणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याकडं, देता येतात. अठरा वर्षांच्या पोरांची नोंदणी आत्तापासून लावली तर पुढच्या यादीत ती दिसेल. टोळ्या आणि पुण्याला गेलेल्यांची गावनिहाय वही करा. सरकारी योजनेत ज्याचे पैसे अडकलेत त्याला बँकेत न्या, योजना कुणाची आहे ते विचारू नका. शेवटी एक ओळ दुसऱ्या फळीबद्दल लिहिली. मार्च २०२२ पासून जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांवर प्रशासक बसले. सदस्य नाही, सभापती नाही, तर गावातल्या कामाच्या माणसानं कुठल्या जोरावर टिकायचं? सत्तेतल्या पक्षाला पालकमंत्री असतो, निधी असतो. आमच्याकडं होती ती अण्णांसारखी माणसं, आणि तीच आम्ही आमच्या हातानं बाजूला केली.

टिपणाची पोच आली, पुढं काही नाही. तालुकाध्यक्ष तेच आहेत.

मी मात्र अण्णांच्या मागं लागलो. बीएलएच्या फॉर्मवर सही करा म्हणून फोन करत राहिलो. ते नाही म्हणाले नाहीत. त्यांनी एक अट घातली: तालुकाध्यक्षानं स्वतः गावात यावं, ओट्यावर बसावं आणि जुलैत टेबल का टाकू दिलं नाही ते गल्लीतल्या बायकांसमोर सांगावं. "माझी माफी नको," ते म्हणाले, "मला माझं तोंड मोकळं करून पाहिजे. मी आत्ता दारात गेलो तर त्या मला विचारत्यात."

अट रास्त आहे असं मला वाटतं. तालुकाध्यक्ष म्हणतात, एवढ्यासाठी गावात कशाला, फोनवर बोलतो की. त्यावर आमचं बऱ्यापैकी वाजलं आहे. जिल्हा परिषदेच्या तिकिटांची कुजबुज सुरू झाली की त्यांना आमची गरज लागेल, आणि त्या गटाचा तक्ता माझ्याकडं आहे. येत्या रविवारी ते लग्नाच्या निमित्तानं त्या बाजूला जाणार आहेत. गाडीत शेजारी मी बसणार आहे आणि ड्रायव्हरला वाट सांगून ठेवली आहे.