फीत कोणी कापली?

अमेरिकेच्या सहलीत वॉशिंग्टनचा दिवस म्हणजे माझ्या डोक्याला ताप. सगळं एका दिवसात बसवायचं, बस कुठे मिनिटभर उभी करू देत नाहीत, आणि लिंकन स्मारकाच्या पायऱ्या पाहिल्या की निम्मी मंडळी "आम्ही इथंच बसतो" म्हणून मोकळी. त्या दिवशी बत्तीसातले जेमतेम अठरा जण वर आले.

त्यात एक साहेब होते, सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. 19 फुटी पुतळा, जॉर्जियाच्या संगमरवराचे 28 तुकडे असे बसवलेत की सांधा दिसत नाही, असं माझं चालू होतं. साहेबांनी मध्येच तोडलं. "ते राहू द्या. लोकार्पण कोणाच्या हस्ते?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. सांगितलं. 30 मे 1922. स्मारक समितीचे अध्यक्ष विल्यम टाफ्ट. 1911 मध्ये राष्ट्राध्यक्ष असताना या समितीच्या कायद्यावर सही त्यांचीच. समारंभाच्या वेळी ते माजी राष्ट्राध्यक्ष, शिवाय देशाचे सरन्यायाधीश. त्यांनी समितीतर्फे वास्तू सुपूर्द केली आणि तेव्हाचे अध्यक्ष हार्डिंग यांनी देशातर्फे स्वीकारली. मधल्या काळात बांधकाम सुरू झालं ते विल्सन यांच्या कारकिर्दीत.

"म्हणजे मंजुरी एकाची, काम दुसऱ्याच्या काळात, फीत तिसऱ्याच्या!" साहेब खूश. "आणि पहिल्याला मांडवात बोलावलं? आमच्याकडे पहिल्याची कोनशिलाच रातोरात गायब व्हायची."

मग त्यांना व्यासपीठ हवं झालं. कोण कोण होतं? लिंकनचा मुलगा रॉबर्ट आला होता, वय 78. आणि प्रमुख वक्त्यांमध्ये रॉबर्ट मोटन, टस्कीगी संस्थेचे कृष्णवर्णीय प्राचार्य.

इथवर आलो की एरवी मी विषय बदलतो. लोक सुट्टीवर आलेले असतात. पण साहेबांनी आपल्या नोकरीच्या सवयीने विचारलं, "भाषणाची प्रत आधी मागवली असणार?"

मागवली होती. टाफ्ट यांच्या समितीने ती वाचली आणि त्यातला कडक मजकूर काढायला लावला. समारंभात कृष्णवर्णीय निमंत्रितांची जागाही वेगळी काढली होती, गोऱ्यांपासून दूर. काही जण तिथून उठून निघून गेले.

नागपूरच्या एक बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. सहा दिवसांत त्या फारशा बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "निमंत्रण होतं ना त्यांना?"

"होतं."

"निमंत्रण देऊन?"

कोणीच काही बोललं नाही. साहेब चष्मा पुसायला लागले.

वातावरण सावरायला मी सगळ्यांना उत्तरेकडच्या भिंतीपाशी नेलं. तिथे लिंकनचं दुसरं शपथविधीचं भाषण कोरलंय. 'फ्युचर' शब्दात एफच्या जागी कारागिराने ई कोरला आणि मग खालची आडवी रेघ बुजवली. नीट पाहिलं की बुजवलेली रेघ अजून दिसते. साहेबांनी मान तिरकी करून ती शोधली आणि मग आपला किस्सा सुरू केला: ग्रॅनाइटवर प्रमुख पाहुण्यांच्या नावातला काना राहिला होता, तेव्हा त्यांनी त्या जागेवर झेंडूची एवढी जाड माळ सोडली की पाहुण्यांना फक्त स्वतःचं आडनाव वाचता आलं. सगळे हसले. मलाही हायसं वाटलं.

बाई हसल्या की नाही ते पाहिलं नाही. खाली उतरताना त्या माझ्या शेजारी आल्या. साडी, पायात नवे पांढरे बूट.

"कुठं बसवलं होतं त्यांना?"

मी हाताने कुठेतरी दाखवलं.

"भाऊ, नीट माहीत नाही ना?"

"नाही, बाई."

"मग पुढच्या खेपेला बघून ठेवा," त्या म्हणाल्या, गृहपाठ न केलेल्या पोराशी बोलावं तशा, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागल्या.