साडेतीनशे रुपयांची वायर आणि एकोणचाळीस दिवस

लॅब कॉम्प्युटरवर आणायची म्हणून ओळखीतले दोन-तीन डॉक्टर हल्ली मला फोन करतात. कुठलं सॉफ्टवेअर घेतलंस, केवढ्याला पडलं, असं विचारतात. मी मात्र वायरीवरच सुरू होते. घरच्यांना ती गोष्ट तोंडपाठ झाली आहे, म्हणून आता लिहूनच टाकते.

माझी पॅथॉलॉजी लॅब पुण्यात नारायण पेठेत, जुनी आणि लहानशी. रोजचे साठ-सत्तर पेशंट, दोन टेक्निशियन, रक्त घ्यायला एक मुलगी आणि रिसेप्शनवर काका. सगळा कारभार रजिस्टरवर. बल्बवर, म्हणजे रक्ताच्या नळीवर, मार्करने नंबर टाकायचा, मशीनमधून निघालेली चिठ्ठी बघून ताईंनी आकडे टाईप करायचे, मी तपासून सही करायची. ताई माझ्याकडे बावीस वर्षं आहेत आणि त्यांचा हात सहसा चुकत नाही. पण एकदा पोटॅशियम ४.५ चं ५.४ झालं. सही करताना माझ्या लक्षात आलं म्हणून निभावलं. त्या रात्री ठरवलं, आता पुरे.

सॉफ्टवेअर चार दिवसांत ठरलं. रेट लिस्ट, डॉक्टरांची यादी, लेटरहेड हे सगळं एका रविवारी भरून झालं. बारकोडचा प्रिंटर आला, रक्तपेशी मोजणारं मशीन, सेल काउंटर, नेटवर्कच्या केबलने पहिल्याच दिवशी जोडलं गेलं आणि सीबीसी, म्हणजे पेशींचे आकडे, आपोआप स्क्रीनवर यायला लागले. आम्ही पेढे आणले. तिथेच दृष्ट लागली असणार.

कारण खरं काम बायोकेमिस्ट्रीच्या मशीनचं होतं. साखर, क्रिएटिनिन, लिव्हर, लिपिड, म्हणजे आमचं निम्मं दुकान त्या मशीनवर चालतं. नऊ वर्षांचं मशीन, तब्येत ठणठणीत, पण मागे जुन्या पद्धतीचं नऊ पिनांचं सिरियल पोर्ट. नव्या कॉम्प्युटरला असलं पोर्ट सहसा नसतं, त्यामुळे मध्ये यूएसबीचा कन्व्हर्टर लागतो. मशीनने बल्बवरचा बारकोड वाचायचा, ‘याच्या कुठल्या टेस्ट करू’ असं सॉफ्टवेअरला विचारायचं, टेस्ट लावायच्या आणि निकाल परत पाठवायचा. दोन्ही बाजूंनी बोलणं झालं तर टाईप करायला काही उरतच नाही. याला इंटरफेसिंग म्हणतात आणि कोटेशनमध्ये त्याची एकच ओळ असते. त्या ओळीसमोर कुणाचं नाव आहे, हे मी वाचलं नव्हतं. कुणाचंच नव्हतं.

सॉफ्टवेअरवाल्या मुलाने एनीडेस्कवरून, म्हणजे लांबूनच आमचा कॉम्प्युटर उघडून, तासभर बघितलं आणि म्हणाला, “मॅडम, मशीनकडून डेटाच येत नाहीये.” मशीनच्या कंपनीला फोन केला तर, “आमचं मशीन पाठवतंय मॅडम, होस्ट साइडला बघा.” होस्ट साइड म्हणजे सॉफ्टवेअरवाला. त्याला पुन्हा फोन. तो म्हणाला, मशीनचं मॅन्युअल मागवा. कंपनी म्हणाली, मॅन्युअलसाठी ईमेल करा. ईमेलला उत्तर आलं, तक्रार क्रमांक कळवा. तक्रार क्रमांक मिळायला टोल फ्री नंबर, आणि त्यावर एक बाई मला प्रत्येक वेळी मशीनचा सिरियल नंबर विचारायची. तो नंबर मशीनच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून चिकटवलेला. तिसऱ्या वेळेनंतर मी तो पाठ केला. अजून पाठ आहे.

दरम्यान काम दुप्पट झालं, कारण रजिस्टर बंद करायचं धाडस नव्हतं आणि सॉफ्टवेअरचे पैसे भरून बसलो होतो. सकाळी सातला उपाशीपोटी माणसं रांगेत. काका बिलं सॉफ्टवेअरमध्ये करणार, मुलगी बारकोड चिकटवणार, ताई पुन्हा चिठ्ठीवरून आकडे टाईप करणार, शिवाय रजिस्टरमध्येही लिहिणार. एका दुपारी त्या चष्मा काढून म्हणाल्या, “मॅडम, हे डिजिटल होण्याआधी मी साडेपाचला घरी जायचे.” मला उत्तर सुचलं नाही.

कंपनीचा इंजिनिअर अकराव्या दिवशी उगवला, तोही गुरुवारी. त्या गुरुवारी आमच्याकडे पाणी बंद होतं. बायोकेमिस्ट्रीच्या मशीनला धुवायला शुद्ध केलेलं पाणी सतत लागतं, आणि नळालाच पाणी नाही तर फिल्टर काय गाळणार. टाकीतल्या शिल्लक पाण्यावर सकाळची सॅम्पल्स काढायची होती, त्यामुळे दोनपर्यंत त्याला मशीनला हात लावू देणं शक्य नव्हतं. तो बसला, चहा प्याला. दोननंतर त्याने सेटिंग उघडलं, बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवायचा वेग, ९६०० आहे म्हणाला, एक बटण दाबून हिरवा दिवा लुकलुकताना दाखवला आणि सर्व्हिस रिपोर्टवर लिहिलं, ‘मशीन ओके’. खाली माझी सही. तो दिवा बघून मीही मुकाट्याने सही केली, याचा राग मला त्याच्यापेक्षा स्वतःचा जास्त येतो. मशीन बोलतंय एवढंच त्या दिव्याने कळत होतं. ऐकतंय कोण, हा माझा प्रश्न होता.

मग सॉफ्टवेअरवाला आणि मशीनची कंपनी, दोघांना एका कॉलवर आणायचा माझा हट्ट. दोन आठवडे तारीख जुळेना. जुळली तेव्हा दोघं एकमेकांना अतिशय आदराने ‘सर’ म्हणत चाळीस मिनिटं एकमेकांवर ढकलत राहिले. शेवटी कंपनीने सुचवलं, मॅडम, नवीन मॉडेल घ्या, त्यात नेटवर्कचं पोर्ट आहे. किंमत ऐकून मी फोन ठेवला.

छत्तिसाव्या दिवशी आमचा धाकटा टेक्निशियन म्हणाला, “मॅडम, मी ही वायर घेऊन तपकीर गल्लीत जाऊन येऊ का?” जा म्हटलं, नाहीतरी काय होतंय. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची गल्ली ती, लॅबपासून चालत दहा मिनिटं. तिथल्या एका दुकानातल्या गृहस्थांनी मल्टिमीटरच्या दोन सुया वायरीच्या दोन्ही टोकांना टेकवल्या, पिन दोनला दोन, तीनला तीन, आणि म्हणाले, “ही सरळ वायर आहे. दोघांची तोंडं एकमेकांना जोडलीत, आणि कान एकमेकांना. कसं ऐकू येणार?” मशीन ज्या पिनेवरून पाठवतं ती समोरच्याच्या ऐकायच्या पिनेला जायला हवी, म्हणजे दोन आणि तीनची अदलाबदल. त्यांनी तिथेच नवी क्रॉस वायर डाग देऊन करून दिली. साडेतीनशे रुपये. पोराने पन्नास कमी करायला सांगितले तर म्हणाले, जमणार नाही.

पस्तीस दिवस दोन कंपन्यांतल्या एकालाही वायर हातात धरून बघावीशी वाटली नव्हती. ती सॉफ्टवेअरवाल्याने आणलेली होती, की मशीनबरोबर आलेली, की आमच्याच कपाटातली, यावरही एकमत नव्हतं.

वायर लावली आणि स्क्रीनवर पहिली साखर आपोआप आली, ११२. ताईंनी टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं पुन्हा मुकं. केर काढताना मावशींनी यूएसबी काढून शेजारच्या खाचेत लावली होती, आणि कन्व्हर्टरची खाच बदलली की कॉम्प्युटर त्याला नवा पोर्ट नंबर देऊ शकतो. सॉफ्टवेअर जुन्या नंबरवर कान लावून बसलेलं. आता त्या खाचेभोवती ताईंनी लाल नेलपॉलिश लावलंय.

खरा घाम एकोणचाळिसाव्या दिवशी फुटला. मशीन टेस्टचं नाव पाठवत नाही, नंबर पाठवतं. कुठला नंबर म्हणजे कुठली टेस्ट, ही यादी सॉफ्टवेअरमध्ये भरावी लागते. सॉफ्टवेअरवाल्या मुलाने दुसऱ्या कुठल्यातरी लॅबची यादी जशीच्या तशी चिकटवली होती. मी हट्टाने पहिल्या दिवसाच्या सगळ्या चिठ्ठ्या स्क्रीनशी ताडून बघत होते. एक आजी, चहाशिवाय काही न पिणाऱ्या. चिठ्ठीत लिव्हरच्या दोन टेस्ट, एसजीपीटी ९६, एसजीओटी ४१. स्क्रीनवर नेमकं उलटं. एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त दिसली की कुठलाही डॉक्टर आधी दारूचं विचारतो. आजींना! साखर आणि सोडियमची अदलाबदल झाली असती तर लहान मूलही ओरडलं असतं. पण हे दोन आकडे एकमेकांच्या जागी अगदी शहाण्यासारखे बसतात. कुणी पकडलं नसतं. रिपोर्ट बाहेर गेला नव्हता, एवढंच नशीब.

तेव्हा बाकी काही नाही केलंत तरी एवढं करा. प्रत्येक टेस्टची मशीनची चिठ्ठी आणि स्क्रीन शेजारी ठेवून ताडा. आमच्या बत्तीस होत्या, दोन दुपारी गेल्या. आणि शेवटचा हप्ता इंटरफेसिंग सलग आठवडाभर चालल्यावरच द्या. मी सगळे पैसे आधीच दिले होते. मला घरी अजून ऐकवतात.

आणखी आठवलं तसं सांगते. बारकोडचं स्टिकर बल्बवर उभं आणि सरळ लागलं पाहिजे, म्हणजे बल्ब उभा धरला की रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या दिसतात. जरा तिरकं झालं की मशीन वाचत नाही आणि दोष सॉफ्टवेअरला जातो. रक्त घेणाऱ्या मुलीला हे अर्धा तास बसून शिकवा.

हिशेबाने काढायच्या टेस्ट तपासा. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, सूत्राने निघायचं, एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, आणि ट्रायग्लिसराइड या चरबीचा पाचवा हिस्सा वजा करून. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र वापरायचं नसतं. सॉफ्टवेअरला त्याचं सोयरसुतक नव्हतं, ५२० ला पण त्याने खुशाल एक आकडा छापला. तशी अट घालून घ्या. नॉर्मल रेंजही वयानुसार भरा. बारा वर्षांच्या मुलाची अल्कलाइन फॉस्फेटेज मोठ्यांच्या रेंजमुळे लाल रंगात गेली आणि त्याची आई धावत आली. वाढत्या हाडांमुळे मुलांची ती जास्तच असते, हे तिला समजावताना माझी ओपीडी झाली.

‘ऑटो ॲप्रूव्ह’ नावाचं बटण असतं. त्याने माझी स्कॅन केलेली सही आपोआप पडते, मी रिपोर्ट बघितलेला असो वा नसो. ते बंद करून घेतलं. लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलं, ते काही सहीचं चित्र छापण्यासाठी नाही. सॉफ्टवेअरवाला मुलगा म्हणाला, बाकीचे सगळे चालू ठेवतात. ठेवू देत.

आभाचं, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य ओळख क्रमांकाचं, बटणही होतं. चौदा आकडी नंबर असलेल्यांचे रिपोर्ट जोडायला आम्ही सुरुवात केली, पण काउंटरवर निम्मी माणसं अजून आधार कार्डच पुढे करतात. काका न चिडता समजावतात.

मोबाइल नंबर मात्र पेशंटला विचारून, पुन्हा वाचून दाखवून घाला. एक आजोबा तावातावाने आले, हातात काठी. “माझी साखर माझ्या आधी न्यू जर्सीला कशी कळली?” त्यांच्या मुलाने ऑनलाइन पैसे भरताना स्वतःचा नंबर दिला होता, पीडीएफ तिकडे गेली, आणि आजोबा श्रीखंड खात असतानाच फोन आला. त्यांना आता आम्ही कागदावरच रिपोर्ट देतो, पाकिटात घालून.

परवा मशीनच्या कंपनीतून फोन आला. सगळं सुरू होऊन दोन महिने झाले होते. “मॅडम, तुमची इंटरफेसिंगची तक्रार अजून ओपन दिसतेय. बंद करायची आहे, मेसेजवर ओटीपी आलाय तो सांगता का?” मी आधी सिरियल नंबर विचारला. त्यांना तो शोधायला वेळ लागला. ओटीपी अजून माझ्याकडेच आहे.