घारीचे झाड आणि माझा ड्रोन

गेल्या वर्षी फेब्रुवारीतील एका रविवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, इंदूरहून निघणाऱ्या खंडवा रस्त्यावर सिमरोळच्या अलीकडील एका ओळखीच्या शेतावर मी ड्रोन उडवीत होतो. हा ड्रोन मी स्वतः जुळवलेला आहे: पाच इंची प्रोपेलर, कार्बन फायबरची चौकट आणि बॅटरीसकट साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास वजन. डोळ्यांवर ड्रोनचे थेट चित्र दाखवणारा गॉगल असल्यामुळे ड्रोनच्या कॅमेऱ्यासमोर येईल तेवढेच मला दिसत होते, म्हणजे गव्हाचे हिरवे पट्टे, विहिरीचा कठडा आणि बांधावरची निलगिरीची रांग. त्या रांगेवरून तिसरी फेरी मारत असताना चित्र एकाएकी कलले, वरच्या कोपऱ्यातून एक तपकिरी पंख सरकून गेला आणि मी घाबरून थ्रॉटल, म्हणजे मोटरांचा जोर कमी-जास्त करणारी रिमोटवरची दांडी, खाली ओढला. ड्रोन गव्हात पडला.

तो सापडायला पाऊण तास लागला, आणि तोही बझर वाजत होता म्हणून सापडला. एका प्रोपेलरचे टोक उडालेले होते आणि बॅटरी बांधण्याच्या पट्ट्यावर दोन समांतर ओरखडे स्पष्ट उमटले होते. एका मोटरच्या फिरत्या टोपणात पिसाचे मऊ, राखट तंतू असे गुंडाळले गेले होते की घरी आल्यावर भिंग आणि चिमटा घेऊन ते एक-एक करून काढावे लागले. घारीला दुखापत झाली असेल या विचाराने मी अस्वस्थ होतो, परंतु थोड्याच वेळात ती निलगिरीच्या शेंड्यावर पंख साफ करीत बसलेली दिसली आणि जीव भांड्यात पडला.

इंदूरच्या सिरपूर तलावावर वर्षानुवर्षे पक्षी पाहायला जाणाऱ्या माझ्या काकांना संध्याकाळी हा प्रसंग सांगितला, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "घरटं कुठे आहे, ते आधी पाहिलं होतंस का?" मी पाहिले नव्हते. पुढच्या रविवारी ते स्वतः शेतावर आले आणि रांगेतील तिसऱ्या झाडाच्या दुबेळक्यात काटक्या, चिंध्या आणि प्लॅस्टिकच्या दोऱ्यांचा जो भारा होता, तो त्यांनी मला दुर्बिणीतून दाखवला. मी त्या भाऱ्यावरून, जेमतेम दहा-बारा मीटर उंचीने, तीन वेळा गेलो होतो. घार आकाशात कितीही दूर हिंडली तरी तिचे चित्त पिलांपाशी असते, असे आपल्याकडे लहानपणापासून ऐकवले जाते. ड्रोन उडवणाऱ्याने हे वाक्य उड्डाणापूर्वीच्या तपासणीत लिहून ठेवावे असे माझे मत झाले आहे.

आपल्या भागात घारीचा विणीचा काळ हिवाळ्यात सुरू होतो. जानेवारी-फेब्रुवारीत अंडी आणि त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत पिले, असा साधारण क्रम असतो, आणि त्याच झाडावर किंवा त्याच्या शेजारी पुढच्या वर्षीही घरटे होण्याचा संभव मोठा असतो. नेमका हाच काळ आपल्याला उड्डाणासाठी सर्वांत सोयीचा वाटतो, कारण आकाश निरभ्र असते, वारा बेताचा असतो आणि शेते हिरवी असतात. घारीची झडप संपते न संपते तोच एप्रिलपासून कावळ्यांची पाळी येते. पितृपक्षात गच्चीवर पान वाढून ज्यांची आपण हात जोडून वाट पाहतो, तेच कावळे मे महिन्यात त्याच गच्चीवरून उडालेल्या ड्रोनच्या मागे चौघे मिळून लागतात, आणि घारीपेक्षा त्यांचा पिच्छा सोडवणे अवघड असते, कारण ते एकटे येत नाहीत आणि लवकर कंटाळत नाहीत. टिटवी आरडाओरडा करून अंगावर धावल्याचा आव आणते, पण सहसा स्पर्श करीत नाही. तिच्या बाबतीत जपायचे ते ड्रोनला नव्हे, तर पायाखालच्या जमिनीला, कारण तिची मातकट ठिपक्यांची अंडी उघड्या खड्यांमध्येच असतात.

हा उपद्रव काही केवळ माळव्यातला नाही. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे ड्रोनने घरपोच वस्तू पोहोचवणाऱ्या विंग या कंपनीला 2021 साली एका उपनगरातील सेवा काही काळ थांबवावी लागली, कारण तेथील कावळ्याच्या जातीचे पक्षी विणीच्या दिवसांत ड्रोनवर तुटून पडत होते. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये उत्तराखंडातील औली येथे भारत आणि अमेरिका यांच्या सैन्यांचा संयुक्त सराव झाला, त्यात आपल्या सैन्याने ड्रोन पाडण्यासाठी शिकवलेली 'अर्जुन' नावाची घार दाखवली होती. जे काम सैन्याने घारीला शिकवले, ते निलगिरीवरच्या घारीने माझ्याबाबतीत कोणीही न शिकवता केले.

आता माझ्या चुकीबद्दल. घाबरल्यावर हात आपोआप थ्रॉटल खाली ओढतो, आणि बचावाच्या दृष्टीने तेच सर्वांत वाईट असते. शिकारी पक्षी वरून किंवा मागून येतो. खाली झेपावणे हे त्याचे जन्मजात कसब आहे, तर ड्रोनचे ते दुबळे अंग आहे. ड्रोन सरळ खाली वेगाने उतरू लागला की तो स्वतःच्याच प्रोपेलरांनी घुसळलेल्या हवेत सापडतो, डगमगतो आणि हाताबाहेर जातो. त्याउलट, सरळ वर चढणे हे सहाशे ते नऊशे ग्रॅम वजनाच्या आणि सुमारे दीड मीटर पंखविस्ताराच्या घारीला कष्टाचे असते. तिला उंची मिळते ती मुख्यतः तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर घिरट्या घालून. साधा कॅमेरा ड्रोनदेखील सेकंदाला पाच मीटरच्या आसपास सरळ चढतो, आणि माझ्यासारखा हलका, ताकदवान ड्रोन त्याहून कितीतरी वेगाने. म्हणून घार दिसताच थ्रॉटल वर द्यावा, उंची मिळाल्यावर घरट्याच्या उलट दिशेने सरकावे आणि पक्षी मागे फिरल्याची खात्री झाल्यावरच सावकाश, तिरपे उतरावे.

यात एक व्यावहारिक अडचण आहे. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार ग्रीन झोनमध्ये, म्हणजे उड्डाणासाठी वेगळी परवानगी न लागणाऱ्या भागात, 400 फूट, म्हणजे सुमारे 120 मीटर, हीच उंचीची मर्यादा आहे. आधीच 110 मीटरवर फिरणाऱ्याला वर पळायला जागाच उरत नाही, म्हणून मी आता 50-60 मीटरवरच थांबतो आणि उरलेली उंची राखीव ठेवतो. सिरपूरला मात्र मी ड्रोन काढतच नाही. तो तलाव 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहे आणि विमानतळही त्याच बाजूला आहे, तेव्हा तेथे पक्षी आणि नियम दोन्ही आडवे येतात.

आपोआप परत येण्याचे बटण दाबणे हाही अनेकांचा पहिला उपाय असतो. तो मला पटत नाही. ते बटण दाबल्यावर ड्रोन ठरलेल्या उंचीवरून, ठरलेल्या वेगाने, सरळ रेषेत येतो, आणि घारीला याहून सोपे लक्ष्य कोणते मिळणार? शिवाय ती सरळ रेषा घरट्यावरूनच जात नाही याची हमी बटण देत नाही.

उपकरणांपेक्षा मला सर्वांत उपयोगी पडला तो माझा चौदा वर्षांचा भाचा. मी गॉगल लावले की तो माझ्या उजव्या हाताशी उभा राहून ड्रोनकडे न पाहता ड्रोनच्या वरच्या आकाशाकडे पाहतो, आणि आमचे शब्द ठरलेले आहेत. "मामा, घार, मागे!" एवढे ऐकल्यावर मी विचार न करता वर जातो. पहिल्या दिवशी त्याने "मामा, एक मोठा पक्षी येतोय बहुतेक" असे सविस्तर सांगितले होते आणि वाक्य पूर्ण होईपर्यंत पक्षी येऊन गेलाही होता.

चकाकणाऱ्या पट्ट्या आणि मोठ्या डोळ्यांचे स्टिकर मीही लावून पाहिले. त्यांचा फरक मला जाणवला नाही. फ्रान्समध्ये पाणपक्ष्यांवर झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ड्रोनच्या रंगाचा पक्ष्यांच्या प्रतिक्रियेवर परिणाम आढळला नव्हता. ड्रोन थेट डोक्यावरून खाली आला, तर मात्र ते अधिक बिचकत होते. ते पक्षी पळणारे होते, चाल करून येणारे नव्हते, तरीही घरट्यावर वरून उतरू नये एवढे मी त्यातून घेतले.

वेळही मी बदलली आहे. सकाळी जमीन थंड असते तोवर घारी बहुधा झाडांवर बसून असतात. नऊ-दहानंतर काळी माती तापली की त्या घिरट्या घेत वर येतात. त्यामुळे मी साडेसातला सुरुवात करतो आणि नऊला सामान आवरतो. झटापट झालीच, तर ड्रोन परत आल्यावर प्रत्येक प्रोपेलरच्या कडेवरून नख फिरवून पाहतो, कारण डोळ्यांना न दिसणारी खाच नखाला लागते, आणि तसा प्रोपेलर थरथर निर्माण करून मोटर तापवतो. पक्षी जखमी झालेला दिसला तर ड्रोन बाजूला ठेवून वन विभागाला कळवावे. घार वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, आणि तिच्या झाडापाशी आपण गेलो होतो.

यंदाही तिसऱ्या झाडावर घरटे आहे. काकांनी जानेवारीतच पाहून सांगितले, त्यामुळे आम्ही आता विहिरीपलीकडच्या पडीक तुकड्यावरून उडवतो. ड्रोन जमिनीवर ठेवण्याआधी भाचा पुढे जाऊन, वाकून, खड्यांमध्ये टिटवीची अंडी नाहीत ना ते पाहून येतो.