मांजरसुंबा घाटासाठी हब मोटर आणि कंट्रोलर : सायकलची आतापर्यंतची प्रगती

बीडहून निघाल्यावर पालीजवळचा बिंदुसरा तलाव मागे पडेपर्यंत कोणतीही विजेची सायकल चांगलीच चालते. तिचा कस लागतो तो त्यापुढच्या मांजरसुंबा घाटात. म्हणून मी तयार करत असलेल्या या विजेच्या सायकलसाठी मोटर निवडताना मी सपाट रस्त्यावरच्या वेगाचा विचार मागे ठेवला आणि घाटातल्या सर्वांत संथ टप्प्यापासून हिशोबाला सुरुवात केली.

मी, सायकल, बॅटरी आणि सामान मिळून वजन ११० किलो धरले. ६ टक्के चढावर एवढ्या वजनाला मागे खेचणारे बल सुमारे ६५ न्यूटन असते आणि टायरच्या रोधाचे १०-११ न्यूटन त्यात मिळवले की आकडा ७६ च्या घरात जातो. २६ इंची चाकाची त्रिज्या साधारण ०.३३ मीटर असल्यामुळे चाकाला २५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, लागतो. एखाद्या ठिकाणी चढ ८ टक्क्यांवर गेला तर ३२. ताशी १५ किलोमीटर वेगाने चढायचे म्हटले तर चाकापाशी सव्वातीनशे वॉटच्या आसपास शक्ती हवी. त्यातले शंभरेक वॉट पायांनी दिले, तर उरलेले सव्वादोनशे मोटरने सलग देत राहायला हवेत. ‘सलग’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण मोटरवर छापलेल्या वॉटच्या आकड्यावरून ती घाटात किती वेळ तग धरेल हे कळत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ३० मिनिटांची शक्ती (मोटर सलग अर्धा तास देऊ शकते ती) ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी असलेली आणि ताशी २५ किलोमीटरला साहाय्य थांबवणारी पॅडल-साहाय्य सायकल मोटार वाहनात मोडत नाही. मला ही सायकल नोंदणीच्या भानगडीत न पडता रोज चालवायची आहे, त्यामुळे मोठ्या मोटरचा विचार केलाच नाही.

मग प्रश्न उरला गिअर असलेली हब मोटर (चाकाच्या मध्यभागीच बसणारी मोटर) घ्यावी की थेट फिरणारी. थेट फिरणाऱ्या मोटरमध्ये झिजण्यासारखे बेअरिंगखेरीज काही नसते, आवाज जवळजवळ नसतो आणि उतारावर ती ब्रेकचे काम करून थोडी वीज परतही देते. ही परत मिळणारी वीज मात्र मी आधी मोजून पाहिली : ११० किलो वजन १०० मीटर खाली उतरताना सुमारे ३० वॉट-तास ऊर्जा सुटते, आणि वारा, टायर व मोटर यांतले नुकसान वजा जाता त्यातली निम्मी बॅटरीत पोहोचली तरी पुष्कळ झाले. ३६० वॉट-तासांच्या बॅटरीपुढे हा लाभ किरकोळ आहे. ब्रेकचे रबर वाचते, हाच त्याचा खरा फायदा. उलट अशा मोटरचा गाभा चाकाच्याच वेगाने फिरतो, म्हणजे घाटात अगदी हळू, आणि लागणारा सगळा टॉर्क तिला निव्वळ करंट वाढवून काढावा लागतो. तांब्यात होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गिअरच्या मोटरमध्ये ग्रहचक्रांमुळे (आतल्या लहान दातेरी चक्रांच्या जुळणीमुळे) आतला गाभा चाकाच्या चार ते पाच पट वेगाने फिरतो. तेवढ्या प्रमाणात त्याच्यावरचा टॉर्क उतरतो आणि तीन किलोच्या आतली मोटर घाट चढू शकते. म्हणून मी मागच्या चाकासाठी गिअरची मोटर घेतली. तिची नायलॉनची चक्रे कधीतरी बदलावी लागतील, हे गृहीत धरले आहे.

वाइंडिंगविषयी, म्हणजे मोटरमधल्या तांब्याच्या तारेच्या वेढ्यांविषयी, विजेच्या सायकली बनवणाऱ्या आपल्या मंडळींत एक समज फार पक्का आहे : कमी वेगाच्या वाइंडिंगची मोटर चढाला चांगली आणि जास्त वेगाची वाईट. पण तांबे तेवढेच भरलेले असेल, तर समान टॉर्क आणि समान वेग असताना दोन्ही मोटरींत उष्णता सारखीच होते. फरक पडतो तो बाहेर. माझी मोटर प्रति व्होल्ट मिनिटाला ७ फेरे घेते, त्यामुळे तिला प्रति अँपिअर सुमारे १.३६ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो आणि ३२ न्यूटन-मीटरसाठी २४ अँपिअर फेज करंट (मोटरच्या तीन जाड तारांतून वाहणारा करंट) पुरतो. प्रति व्होल्ट साडेनऊ फेऱ्यांची मोटर त्याच कामाला ३२ अँपिअर मागते, आणि तो भार कंट्रोलरवर (बॅटरीतली वीज नियंत्रित करून मोटरला देणाऱ्या पेटीवर), फेजच्या तारांवर आणि कनेक्टरवर येतो. ७ फेऱ्यांच्या मोटरचा मोकळा वेग ३६ व्होल्टवर ताशी ३१ किलोमीटर भरतो. भाराखाली तो २५ च्या आसपास येतो, म्हणजे मला हवा तेथेच.

कंट्रोलर निवडताना बहुतेकजण मॉस्फेट, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करणारे त्यातले स्विच, मोजतात. सहाचा लहान, बाराचा दमदार, असे ढोबळ गणित असते. त्यापेक्षा दोन वेगळ्या मर्यादा पाहाव्यात, असे माझे ठाम मत आहे : बॅटरीकडून घेतला जाणारा करंट आणि मोटरला दिला जाणारा फेज करंट. हळू वेगात कंट्रोलर व्होल्टेज उतरवून करंट वाढवतो. बॅटरीतून १२ अँपिअर जात असताना ड्यूटी (स्विच चालू राहण्याचे प्रमाण) ४० टक्के असेल, तर मोटरला सुमारे ३० अँपिअर मिळतात. विक्रेते केवळ पहिला आकडा सांगतात, तर घाटात मोटर आणि नायलॉनची चक्रे यांचे आयुष्य दुसऱ्यावर ठरते. मी या दोन्ही मर्यादा वेगवेगळ्या बदलता येतील असा, सहा मॉस्फेटचा साइन वेव्ह (मोटरला गुळगुळीत लाटेसारखा करंट देणारा) कंट्रोलर घेतला आणि बॅटरीसाठी १२, फेजसाठी ३० अँपिअर ठेवले. यातून जास्तीत जास्त ४१ न्यूटन-मीटर मिळतात. घाटाची गरज भागते आणि चक्रांवर झटका बसत नाही. झाकण उघडून पाहिले तेव्हा सहाही मॉस्फेट अॅल्युमिनियमच्या पट्टीला स्क्रूने नीट आवळलेले होते आणि मोठ्या कपॅसिटरवर ६३ व्होल्ट छापलेले होते. पूर्ण भरलेल्या दहा सेलच्या बॅटरीचे ४२ व्होल्ट लक्षात घेता ही सोय पुरेशी आहे.

मोटरचा गाभा कोठे आहे हे कंट्रोलरला कळवणारे हॉल सेन्सर तपासताना नव्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लाल आणि काळ्या तारेला ५ व्होल्ट देऊन पिवळ्या, हिरव्या व निळ्या तारेवर मल्टीमीटर लावला की चाक हळूहळू उलटे फिरवावे. गिअरच्या मोटरमध्ये एकाच दिशेने पकडणारा क्लच असल्याने चाक पुढे फिरवले तर आतला गाभा हलतच नाही आणि चांगले सेन्सर बिघडल्यासारखे दिसतात.

टॉर्क आर्म, म्हणजे अॅक्सलला खाचेत फिरू न देणारी पट्टी, लेथवाल्याकडून ६ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्टीतून कापून घेतला. १० मिलिमीटरच्या चपट्या अॅक्सलवर ४० न्यूटन-मीटर आले, की फ्रेमच्या खाचेच्या कडांवर शेकडो किलोंचा जोर पडतो. नुसत्या नटाच्या भरवशावर ही मोटर चालवू नये.

वाइंडिंगच्या टोकाला इपॉक्सीने १० किलोओहमचा थर्मिस्टर (तापमान मोजणारा सुटा भाग) चिकटवून त्याच्या दोन बारीक तारा पोकळ अॅक्सलमधून बाहेर काढल्या आहेत. हिवाळ्यात सकाळी हवा १६ अंश असताना घाटमाथ्यावर वाइंडिंग ६३ अंशांवर पोहोचले होते. वैशाखात ४१ अंशांच्या उन्हात त्याच वेगाने चढल्यावर ९४ भरले. हवेतला फरक २५ अंशांचा आणि वाइंडिंगमधला ३१ चा, कारण तापलेल्या तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो आणि उष्णतेत आणखी भर पडते. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यासाठी मोटर निवडताना हे जास्तीचे अंश हिशोबात धरलेच पाहिजेत.

आता ८५ अंशांपुढे फेज करंट आपोआप उतरेल अशी जोडणी करायची आहे. कंट्रोलर सध्या खालच्या नळीला वाऱ्यात टांगलेला आहे. मृगाच्या आत त्याच्या तारांची तोंडे खाली वळवून पाणी आत न जाता ठिबकून जाईल असा वळसा देणार आहे.