‘डिग युअर ओन होल’ उलगडताना : ड्रम जमले, आता शेवटचा ट्रॅक

मागच्या नोंदीनंतरची मोठी बातमी म्हणजे ड्रमना एकदाचा तो आवाज आलाय. ज्यांना आधीचं माहीत नाही त्यांच्यासाठी: टॉम रोलंड्स आणि एड सिमन्स, म्हणजे केमिकल ब्रदर्स ही इलेक्ट्रॉनिक संगीताची ब्रिटिश जोडी, यांचा १९९७ चा ‘डिग युअर ओन होल’ हा अल्बम मी स्वतःच्या हाताने काही रचत रचत शिकतोय. अल्बममधला एकही तुकडा उचलायचा नाही, एवढीच अट. ड्रम एका मित्राने वाजवलेत, मी फोनवर रेकॉर्ड केलेत.

किल्ली निघाली पिचमध्ये, म्हणजे स्वराच्या उंचीत. आजचं सॉफ्टवेअर लूपचा (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्याचा) वेग वाढवलात तरी स्वर जागचा हलू देत नाही. जुन्या सॅम्पलरवर (रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवणाऱ्या यंत्रावर) नुसता वेग वाढवला की स्वरही चढायचा, आणि स्नेअरला (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमला) तो ताठ, कोरडा टणत्कार त्यातूनच यायचा. म्हणून टाइम-स्ट्रेच, म्हणजे स्वर न हलवता वेग बदलण्याची ती सोय, बंद करून मी ९६ बीपीएमचा (मिनिटाला ९६ ठोक्यांचा) लूप थेट ११२ वर नेला. स्वर अडीच सेमीटोनांहून (सेमीटोन म्हणजे अर्धा स्वर) थोडा जास्त चढला आणि खोली बदलल्यासारखं वाटलं! किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, तळ मात्र त्यात जातो. तो भरून काढायला खाली वेगळी, छोटी किक लावली, फक्त पहिल्या ठोक्यांवर. सगळीकडे लावली तर लूपमधली माणसाच्या हाताची लय मरते.

त्यानंतर लूपची एक प्रत काढून कॉम्प्रेसरने (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणाऱ्या साधनाने) अगदी चेपली, तिच्यावर डिस्टॉर्शन चढवलं आणि मूळ लूपच्या खाली हळूहळू मिसळली. स्नेअरच्या मधले बारीक, जेमतेम ऐकू येणारे ठोके एकदम वर येतात. बिग बीटची, म्हणजे जड ड्रमच्या या नृत्यसंगीताची, मजा माझ्या मते याच बारीक ठोक्यांत आहे, किकच्या दणक्यात नाही.

बेससाठी याच अल्बममधलं ‘ब्लॉक रॉकिन बीट्स’ पुन्हा पुन्हा ऐका. सुरुवातीला बेस आपला एकटा फिरत राहतो, रॅपर स्कूली डीच्या आवाजाचा तुकडा येतो आणि मग ड्रम कोसळतात. तोवर कान बेसच्या लयीत मुरलेला असतो. माझ्या ट्रॅकमध्येही बेस आधी आणून ड्रम सोळा बार (तालाची आवर्तनं) थांबवले. आवाजाची पातळी तसूभरही न वाढवता तोच लूप दुप्पट जड वाटायला लागला. या गाण्याला रॉक इन्स्ट्रुमेंटलचं ग्रॅमी मिळालं हे मला फार योग्य वाटतं. ती धडक बँडचीच आहे.

हे थांबवून ठेवणं केमिकल ब्रदर्सना डीजेगिरीतून आलं असणार. १९९४ मध्ये लंडनच्या अल्बनी पबमध्ये, ‘हेवनली संडे सोशल’ या क्लब-रात्रीला, ते हिप-हॉप, अ‍ॅसिड हाउस आणि रॉक एकाच रात्री वाजवत. अल्बमही तसाच वाहतो. ओएसिसच्या नोएल गॅलघरच्या आवाजातलं ‘सेटिंग सन’ अंगावर येतं, तर ‘व्हेअर डू आय बिगिन’मध्ये गायिका बेथ ऑर्टन किती वेळ ड्रमशिवाय गात राहते.

आता अडलंय ते अल्बमच्या शेवटच्या, ‘द प्रायव्हेट सायकेडेलिक रील’पाशी. नऊ मिनिटांहून मोठा ट्रॅक, सतारीसारखी एक धून, आणि तिच्यावर थर चढतच जातात. मर्क्युरी रेव्ह या बँडच्या जोनाथन डोनह्यूचं क्लॅरिनेटही त्यात आहे. मी सहा थर रचले. चौथ्यानंतर सगळ्यांची गर्दी मधल्या स्वरांच्या पट्ट्यात होते आणि धून हरवते. सध्या नवा थर आला की आधीच्या थरावरचा फिल्टर थोडा बंद करून, म्हणजे त्याची वरची धार कमी करून, पाहतोय. त्याने धून वर राहते, पण चढ मंदावतो. ड्रमना हात न लावता हा चढ टिकवण्याची रीत कुणाला सापडली असेल तर जरूर सांगा. आणि कुणी क्लॅरिनेट वाजवत असेल, तर आठ बार हवेत, ११२ बीपीएमवर, शक्यतो कोरड्या खोलीत रेकॉर्ड केलेले.